दादाचे चौदा दिवस

दादाला जन्मठेप झाली तेव्हा मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. रायपूरच्या भनपुरी भागातल्या एका ट्रान्सपोर्ट गोदामात तो माल चढवण्या-उतरवण्यावर देखरेख करायचा. एका दुपारी कोणाचा ट्रक आधी भरायचा यावरून एका ड्रायव्हरशी त्याची जुंपली. दादाच्या हातात लोखंडी रॉड होता, तो त्याने मारला. एकदाच. दुसऱ्या दिवशी तो माणूस दवाखान्यात वारला. दोघं रोज एकाच ठेल्यावर चहा प्यायचे. कोर्टात दादाने काहीच नाकारलं नाही.

बाबा रेल्वेत होते. अमरावतीकडून बदली होऊन रायपूरला आले आणि इथलेच झाले. ते आधीच गेलेले, त्यामुळे तात्यापारा मोहल्ल्यातल्या आमच्या घरात आई आणि मी दोघीच उरलो.

काही वर्षांनी पॅरोलचा अर्ज करता येईल असं कळलं. अर्ज जेलमधून कलेक्टर ऑफिसला गेला, तिथून ठाण्यात, आणि एक दिवस चौकशीला हवालदार आमच्या गल्लीत आला. हा माणूस चौदा दिवस घरी आला तर कोणाला हरकत आहे का, असं तो दारोदार विचारत होता. मी खिडकीच्या आड उभी राहून ऐकत होते. समोरच्या शिवणकाम करणाऱ्या दीदी मशीन न थांबवता म्हणाल्या, "हव, आने दो ना. इसी पारा का तो है."

तरी अर्ज नामंजूर झाला. त्या ड्रायव्हरच्या बायकोने ठाण्यात सांगितलं होतं की मला भीती वाटते.

तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, "मी जातो तिच्याकडे."

"काहून जातं आई? तिले अजून त्रास."

"मले काही मागाचं नाही तिले. इतके वर्षं झाले, मी एकदाही गेलो नाही."

आम्ही दोघी गेलो. ती एका कारखान्यात पॅकिंगचं काम करायची, एका खोलीत राहायची. आम्हाला ओळखून ती दारातच थबकली, पण दार लावलं नाही. आत चटई टाकली, पाणी दिलं.

"मेरे को पूछा, डर लगता है क्या. लगता है, तो बोल दिया," ती म्हणाली.

"ठीक बोली बेटा," आई म्हणाली. बाहेरून ट्रक जात होते, त्या आवाजात आमचं गप्प बसणं जरा सोपं झालं. निघताना तिने विचारलं, "कैसा है अब वो?"

आईला खोटं बोलता येत नसे. म्हणाली, "बाल सफेद हो गए."

"इनके काले ही रह गए," ती म्हणाली.

रिक्षात आई माझा हात धरून बसली. घर येईपर्यंत सोडला नाही.

पुढच्या वर्षी चौकशी झाली तेव्हा त्या ड्रायव्हरच्या बायकोने एवढंच लिहून दिलं की त्याने भनपुरीत पाऊल टाकू नये. अर्ज मंजूर झाला.

दादा घरी आला आणि पहिल्या दिवशी प्रत्येक दारापाशी थांबला. दार उघडंच असायचं, तरी थांबायचा. आईने तव्यावरची पोळी थेट त्याच्या ताटात टाकली तर त्याचं बोट भाजलं. तो हसला. म्हणाला, "इतकी गरम असते, हे विसरूनच गेलो होतो." रोज सकाळी मी ऑफिसला निघायच्या आधी त्याला स्कूटीवर ठाण्यात न्यायची. तो रजिस्टरवर सही करायचा, आम्ही परत यायचो. वाटेत मी मुद्दाम ब्राह्मणपाऱ्यातून लांबून घ्यायची. तेवढीच दहा मिनिटं जास्त. तो मागे बसून दुकानं वाचायचा. हे नवीन, हे बंद झालं, हे अजून आहेच.

मला त्याच्याशी पुष्कळ बोलायचं होतं. माझी नोकरी, मोडलेलं लग्न, सगळं. पण जेलच्या जाळीपलीकडून वीस मिनिटांत बोलायची इतकी सवय झालेली की दिवसभर समोर असला तर काय बोलावं सुचेना. नवव्या दिवशी कुठे आम्ही आधीसारखे भांडलो, पंखा किती नंबरवर ठेवायचा यावरून. आई स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून हसत होती. पुढचे पाच दिवस कसे सरले कळलं नाही.

चौदाव्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत जेलवर हजर व्हायचं होतं. आम्ही चारलाच पोचलो. मी म्हणाले, "बस न थोडा वेळ. अजून एक तास आहे."

"नाही," तो म्हणाला. "बसलो तर उठणं होणार नाही माझ्याच्यानं." आणि तो आत गेला. तो तास मी फाटकासमोरच्या झाडाखाली एकटीच बसून काढला.

त्यानंतर तो दोनदा आला. मग आई गेली. तिला अग्नी द्यायला तो दोन पोलिसांबरोबर आला आणि तासाभरात परतला. तेव्हापासून त्याने अर्जच केला नाही. जेलमध्ये मुलाखतीला गेले तेव्हा म्हणाला, "येणं जमते. जाणं जमत नाही आता. अन् घरी आहे कोण?"

"मी आहो न," मी म्हणाले.

यंदा मीच अर्ज लिहून नेला. शिपायाने तो आत नेऊन दिला, दादाने गुडघ्यावर ठेवून सही केली. सध्या कागद कलेक्टर ऑफिसमध्ये आहे. रविवारी मी त्याची खोली पुसून काढली, पलंगावर धुतलेली चादर घातली. हवालदार अजून आलेला नाही.