बोटीच्या यादीतलं आडनाव

भाऊ अमेरिकेला गेला त्या काळात मी कोथरूडला एका डेटा एंट्रीच्या ऑफिसात होते. ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वी इटलीहून बोटीनं अमेरिकेला गेलेल्या माणसांच्या हस्तलिखित याद्या आमच्या स्क्रीनवर यायच्या आणि आम्ही त्या टाइप करायचो. तिकडच्या लोकांना आपले पणजोबा शोधायचे होते, आणि ते स्वस्तात शोधून देणारे आम्ही पुण्यात होतो. सुपरवायझरांचा नियम एकच, "दिसतं तेच टाइप करा. वाचता नाही आलं तर प्रश्नचिन्ह. आपण इथे ज्योतिष सांगायला बसलेलो नाही."

हजारो नावांत एक आडनाव अगदी क्वचित यायचं. ज्याचं ते असे त्याचं गावही दर वेळी तेच, डोंगरातलं. आमचं आडनावही गावावरून पडलेलं, टेलिफोन डिरेक्टरीत जेमतेम दोन घरं. म्हणून असेल, मी त्या आडनावाच्या मागेच लागले. आधी एकटा तरुण गेला, मग त्याचा चुलतभाऊ. एकदा तर ते अर्जेंटिनाहून आलेल्या बोटीवर सापडलं, जन्मगाव मात्र तेच. भावकीतलं कुणी भेटावं तसा मला आनंद झाला.

यादीत दोन रकाने होते: मागे राहिलेलं जवळचं माणूस कोण, आणि मायदेशी परत जाणार का. त्या पहिल्या तरुणापुढे होतं आई, तिचं नाव, आणि 'हो'.

माझा भाऊही दोन वर्षांत येतो म्हणून गेला होता. चौथं चालू होतं. मला त्याचा राग यायचा, आणि रविवारी सकाळी फोन वाजला की आईच्या आधी मीच धावायचे. अशाच एका रविवारी त्यानं तिकडे घर घेतल्याचं सांगितलं. "किती खोल्या?" एवढंच विचारून आईनं फोन माझ्या हातात दिला.

दुपारी खडकीच्या आमच्या क्वार्टरमध्ये आम्ही दोघी मेथी निवडत बसलो. तिला बरं वाटावं म्हणून मी त्या तरुणाबद्दल सांगितलं, यादीत त्याच्या आईचं नाव होतं आणि त्यानं 'हो' लिहिलं होतं तेही.

"मग आला का गं तो?"

खोटं बोलायचं होतं, जमलं नाही. "पुढच्या एका यादीत त्याची बायको आणि दोन मुलं होती. त्याच्याकडे निघालेली."

आईनं मेथीची दुसरी जुडी सोडली. "त्याच्या आईचं नाव लिहिलं होतं म्हणालीस ना?"

"हो."

"नीट टाइप केलंस ना?"

"हो गं," मी म्हटलं.

त्या नावाची शाई उडाली होती. मी प्रश्नचिन्ह टाकलं होतं, नियमाप्रमाणे. सोमवारी लवकर जाऊन मी सुपरवायझरांना ते पान पुन्हा उघडून मागितलं. भिंग लावून त्या आईच्या नावाचं एकेक अक्षर काढते म्हटलं.

"अहो, त्या बाई तुमच्या कोण लागतात?" ते म्हणाले. "पान अमेरिकेला जाऊन सहा महिने झाले. गेलेलं पान परत येत नाही."

आईला मी हे शेवटपर्यंत सांगितलं नाही.