टोपीवाला एम

आता हे सांगू की नको? सांगतोच. पण तोंडात चहा असेल तर आधी गिळा!

नव्वदचं दशक संपत आलं होतं. बंगळुरात, बनशंकरीला एका अक्कांच्या घरात वरच्या मजल्यावर मी आणि मिलिंद भाड्याने राहायचो. त्याच्या खोलीत विंडोज, माझ्या खोलीत लिनक्स. मधल्या दारातून वायर ओढून दोन्ही कॉम्प्युटर जोडले आणि मंडळाच्या गणपतीसाठी दोघांनी मिळून नाटक लिहायला घेतलं. फाइल एकच, मिलिंदच्या मशीनवर. मराठी संवाद, पण टाइप इंग्रजी अक्षरांत!

पहिला प्रवेश मिलिंदनं लिहिला. मी माझ्या खोलीतून फाइल उघडली आणि बघतो तर काय! प्रत्येक ओळीच्या शेवटी इंग्रजी एम. शेजारी टोपीसारखं एक चिन्ह!

म्हणजे ओळीओळीला मिलिंदची सही? आणि तीही टोपी घालून? अहो, त्यातले दोन विनोद तर माझे होते!

मी गुपचूप सगळे एम उडवले.

सकाळी मिलिंद दारात. "जोश्या! सगळा प्रवेश एका ओळीत कोंबलास? वर मध्ये मध्ये काळे चौकोन?"

"मी फक्त तुझ्या सह्या पुसल्या."

"कसल्या सह्या?"

"हो, आता साळसूदपणाच कर!"

त्यानं तणतणत ओळी पुन्हा तोडल्या. मी बघतो तर एम हजर! मी उडवले. त्याच्याकडे चौकोन हजर! आवाज इतके चढले की खालून अक्का ओरडल्या, "स्वल्प मेल्लगे!" जरा हळू म्हणे! हळू कसलं? मिलिंद पार शहराबाहेर, इलेक्ट्रॉनिक सिटीत खोली शोधायला लागला. तालमी तोंडावर आणि नाटक दोघांच्या भांडणात अडकलेलं.

शेवटी आमचे दिग्दर्शक, देशपांडेकाका, घरी आले. सरकारी संशोधन संस्थेत कॉम्प्युटरवरच केस पिकलेला माणूस. दोन्ही खोल्यांत फाइल उघडून बघितली आणि पोट धरून हसत सुटले.

"अरे गाढवांनो, ओळ संपली की विंडोज दोन खुणा ठेवतं, लिनक्स एकच. ती जास्तीची खूण लिनक्सला एम दिसते. ती उडवली, की विंडोजला ओळ संपल्याचं कळतच नाही!"

मिलिंद माझ्याकडे बघतोय, मी फरशीकडे. तरी खुमखुमी जाते का? म्हटलं, "पण काका, एम म्हटल्यावर मिलिंदच डोक्यात येणार ना?"

काका हसायचे थांबले.

"का रे मनोहर? तुझं नाव कशानं सुरू होतं?"