बेचक्यातली गाठ

"डॉक्टरबाई, हाऊ फोड परत उना," म्हणत भिकनने उजवा हात टेबलावर ठेवला.

ही तिसरी खेप. मधल्या दोन बोटांच्या बेचक्यात हरभऱ्याएवढी लाल गाठ. मी बोट लावताच त्याने हात मागे ओढला. नव्वदच्या आसपासची गोष्ट. धुळ्यातला माझा दवाखाना दोन खोल्यांचा, बाहेर वीस पेशंट खोळंबलेले. माझा पारा चढला होता, तोही स्वतःवरच.

अशा छोट्या, दुखऱ्या गाठीची नेहमीची कारणं मोजकी. केसाच्या मुळाशी पू होऊन गळू होतं. किडा चावतो. काटा मोडून आत राहतो. गळू वारंवार होत असेल तर रक्तातली साखर तपासायची. त्याची नॉर्मल होती. एक्स-रेत काच किंवा तारेचा तुकडा दिसला असता, तोही साफ. शिवाय बेचक्यात केस उगवत नाहीत, मग गळू कसलं? किडा एकाच जागी पुन्हा पुन्हा चावत नाही. उरला काटा. केसपेपरवर आमच्या कंपाउंडर नानांनी 'धंदा : शेती' लिहिलं होतं. म्हणून दोनदा चीर देऊन मी बाभळीचा काटा शोधला. मिळाला नाही. अँटिबायोटिक्स दिली. पंधरा दिवसांत गाठ हजर.

"शेतात हात घालू नकोस म्हटलं होतं ना?"

"कसानं शेत, बाई? मनं दुकान शे. बठ्ठा गिऱ्हाईक समोरना दुकानमा जाई ऱ्हायनात. म्हणतस, याना हातले रोग शे. लग्नसराई तोंडवर उनी."

"कसलं दुकान?"

"कटिंगनं."

मी नानांकडे पाहिलं.

"खेड्यावरून आला की शेतीच लिहितो मी," नाना म्हणाले. "आजवर कोणाची तक्रार नाही."

"ही गाठ काय करतेय मग? भिंग आणा."

भिंगाखाली गाठीच्या टोकाशी सुईच्या अग्राएवढं काळं छिद्र दिसलं. आधी दोनदा ते सुजेत लपलं असेल, किंवा मी पाहिलंच नसेल. जागा बधिर करून गाठ उघडली. चिमट्यात आखूड केसांचा झुबका आला. कापलेला केस टोकदार असतो. दिवसभर ओल्या राहिलेल्या कातडीत तो कुसळासारखा घुसतो. झुबक्यात काळे होते, पांढरे होते, एक मेंदीने लाल झालेला.

भिकनने मान लांबवली. "बाई, हाऊ लाल मना नही. हाऊ ते आमना सरपंच आबाना शे!"

केसांभोवती तयार झालेल्या पिशवीसकट सगळं काढलं. तीन आठवडे कात्री बंद. निम्मी लग्नसराई त्याच्या हातची गेली, ती माझ्यामुळे. जाताना त्याने कागद मागितला. 'हा आजार संसर्गजन्य नाही' असं लेटरहेडवर लिहून मी शिक्का मारला. तो कागद त्याने आरशाशेजारी फ्रेम करून लावला. गिऱ्हाईक हळूहळू परतलं. पहिले आले सरपंच आबा. दर गिऱ्हाइकानंतर भिकन बेचक्यात ब्रश फिरवून हात धुऊन कोरडे करू लागला. गाठ पुन्हा झाली नाही.

केसपेपरवरचा धंद्याचा रकाना तेव्हापासून मीच विचारून भरते. नानांना ते शेवटपर्यंत आवडलं नाही.