चौकातला ‘या’

त्या दिवशी जेवणाच्या भोंग्याआधी फोर्कलिफ्ट आबांच्या पायावर चढली. आबा गोदामात हमाल होते. चौकात माझा दादा उभा होता.

देहूरोडजवळच्या त्या गोदामात आम्ही दोघे भाऊ नोकरीला होतो. मी कारकून, दादा आत. हातगाड्यांच्या जोडीला फोर्कलिफ्ट आल्या, तेव्हा खोक्यांच्या थप्प्यांमधल्या वाटा जिथे एकमेकींना छेदत तिथे झेंडी आणि शिट्टी घेऊन माणूस उभा करावा लागला; तो माणूस दादा. त्या जागेला सगळे चौक म्हणत. थप्पीआडून येणाऱ्या चालकाला झेंडी दिसत नसे. म्हणून त्याने हॉर्न द्यायचा आणि दादाची शिट्टी ऐकूनच पुढे यायचे, असा नियम होता.

त्या गाडीचा हॉर्न दोन दिवस बंद होता. सुदुंबरे गावचा चालक हॉर्नऐवजी थप्पीआडून ओरडला, "येतो, भाऊ!" दादाला वाटले, गाडी ठेवून जेवायला निघाला. निरोप घेणाऱ्याला आपण म्हणतो तेच तो म्हणाला, "या!" आणि हातगाडी घेऊन खोळंबलेल्या आबांना हिरवी झेंडी दाखवली. चालकाला वाटले, शिट्टीऐवजी तोंडानेच पुढे बोलावले.

चौकशीत दादाने चूक कबूल केली. त्याची नोकरी जाणार, हे घरात आम्ही धरूनच चाललो होतो. साहेब हिंदी बोलणारे, म्हणून आबांचे बोलणे सांगायला मला बसवले. आबा काठी टेकत आले.

"साहेब, आमच्यात जातो म्हनत न्हाईत. अभद्र असतंय ते."

मी सांगितले. साहेब म्हणाले, "तो फिर आदमी घर कैसे जाता है?"

"येतो म्हनून!" आबा म्हणाले. "भाऊ या म्हनला, त्यात त्याचा काय गुन्हा? आदी हॉर्न नीट करा की."

शेवटचे वाक्य मी जरा मऊ करून सांगणार होतो. पण हॉर्न हा शब्द साहेबांना आधीच कळला होता.

दादाची नोकरी राहिली. चौक मात्र त्याने स्वतःच सोडला आणि माझ्या शेजारी फायलींत येऊन बसला. दर रविवारी तो डोंगरावर आबांच्या वस्तीला जाई. काय बोलता तिथे, असे मी एकदा विचारले.

"काही नाही. बसतो."

गेल्या वर्षी दादा वारला. आबा आहेत. डाव्या पायाने लंगडतात, उतार उतरवत नाही. रविवारी त्यांचा किराणा मी पोचवतो.