प्रेसवरचं निर्माल्य

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी चिपळूणच्या शाळेत मी पहिल्या तासाला उभी होते, तेव्हा वहिनीचा फोन आला. "ताई, ह्यांचा हात प्रेसमध्ये सापडलाय..." शशी, माझा पाठचा भाऊ, खेडजवळच्या एका कारखान्यात पत्र्याचे सुटे भाग दाबणाऱ्या मोठ्या प्रेसवर होता. कुणी साच्यात नुसतं बोट घातलं तरी तो अंगावर धावून जायचा. "चिमटा काय पापड भाजायला दिलाय?" हे त्याचं ठरलेलं. असा माणूस स्वतः हात घालतो? माझा विश्वासच बसेना.

खरं काय ते त्याच्या सोबत्यानं सांगितलं. दसऱ्याला यंत्रांची पूजा झाली. हार नीट दिसावा म्हणून प्रेसपुढची संरक्षक जाळी काढली, ती कुणी परत लावलीच नाही. सकाळी शशीनं यंत्र सुरू केलं आणि पाहिलं, तर कालचा झेंडूचा हार साच्यात लोंबत होता. त्यानं मोटर बंद केली. पण मोटर बंद झाली तरी प्रेसचं जड चाक बराच वेळ फिरत राहतं. सोबती म्हणाला, "चिमट्यान काढ." तर हा म्हणतो, "देवाचा हार चिमट्यान काढतात काय रे?" हार काढायला वाकला, आणि पाय प्रेस चालवायच्या पेडलवर पडला. त्या फिरत्या चाकाच्या जोरानं साचा हातावर आला.

दवाखान्यात कारखान्याचे साहेब आले. "त्यांनी हात घालायला नको होता, मॅडम." मी विचारलं, जाळी कुणी काढली होती? साहेब फळांची पिशवी ठेवून निघून गेले. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

उजवा हात खांद्यापासून काढावा लागला. शुद्धीवर आल्यावर मला म्हणाला, "रडू नको गो. भाऊबीजेला येतो. ओवाळणी डाव्या हातान दिली तर घेशील ना?" मी म्हटलं, काही देऊ नकोस, नुसता पाटावर येऊन बस. सगळे देव पाण्यात ठेवले होते मी. पण चिरडलेल्या मांसातलं विष रक्तात उतरलं, मूत्रपिंडं बंद पडली... दिवाळीच्या तोंडावर तो गेला.

यंदा आमच्याकडे सण नव्हता. तरी भाऊबीजेच्या संध्याकाळी मी पाट मांडला, निरांजन लावलं. शेजारच्या काकूंनी पाहिलं. हळूच म्हणाल्या, "भाऊ नसला की चंद्राला ओवाळायचं गो. उशीर नको करू, कोर लगेच बुडते."

तबक घेऊन अंगणात गेले. पोफळींच्या वर कोर होती. हात उचलला, आणि तसाच खाली आणला. चंद्राला ओवाळलं की मला भाऊ नाही, हे मीच कबूल केलं असतं. आत येऊन पाटासमोर बसले. कोर बुडाली, निरांजन विझलं. तो पाट मी अजून उचललेला नाही.