ग्रहणातले पोहे

आत्या गेली त्या दुपारी पुण्याहून थोरल्या काकांचा फोन आला. "संध्याकाळी ग्रहण आहे. सुटेपर्यंत तिला हलवू नका." मी म्हणालो, "बरं." त्या एका 'बरं'ची लाज गेले काही आठवडे माझी पाठ सोडत नाही...

आत्या खगोलशास्त्रज्ञ. दूरच्या ताऱ्यांच्या रेडिओलहरी टिपण्यात तिची सगळी नोकरी गेली. देशोदेशीचे सहकारी घरी येऊन वरणभात खाऊन जायचे. पण दिल्लीत मयूर विहारच्या आमच्या सोसायटीत तिची ओळख पोह्यांची. सूर्यग्रहण असलं की गच्चीवर दुर्बीण लावून ती पांढऱ्या चादरीवर सूर्य उतरवायची आणि येईल त्याच्या हातात बशी द्यायची. ग्रहणात खाल्लं तर काही होत नाही, हे व्याख्यानानं पटत नाही, सोबत बसून खावं लागतं, असं तिचं म्हणणं. मी लहानपणी तिथेच बसून पुन्हा मागून घ्यायचो.

खालच्या मजल्यावरच्या सरोजभाभी गरोदर होत्या, तेव्हा अशाच एका ग्रहणात सासूबाईंनी त्यांना पडदे ओढून उपाशी बसवलं होतं. आत्या बशी घेऊन खाली गेली. वाद घातला नाही. शेजारी बसून स्वतः खात राहिली आणि सावली कुणाची, कुणावर पडते, ते सांगत राहिली. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "अच्छा, थोड़ा इसे भी दे दो." पुढच्या ग्रहणाला त्या गच्चीवर चादरीसमोर खुर्ची टाकून बसल्या होत्या.

आणि त्याच आत्याला आम्ही ग्रहणासाठी ताटकळत ठेवलं. तेही चंद्रग्रहण, आणि चंद्र अजून उगवलासुद्धा नव्हता! मला भीती ग्रहणाची नव्हती, काकांची होती. हे तर जास्तच लाजिरवाणं.

तेवढ्यात सरोजभाभी डबा घेऊन वर आल्या. आत्यानं शिकवलेले पोहे, वर खोबरं-कोथिंबीर. "भैया, सुबह से कुछ नहीं खाया होगा. थोड़ा खा लो." जमलेले नातेवाईक माझ्याकडे बघत होते. मी झाकण लावलं. "ग्रहण के बाद, भाभी."

त्या आत्याच्या पायाशी जाऊन बसल्या.

डबा धुऊन ओट्यावर ठेवलाय. शेजाऱ्यांचा डबा रिकामा परत करायचा नाही, ही आत्याची शिस्त. त्यात पोहेच घालायला हवेत, आणि ते मला येतातही... जिना उतरायचा धीर तेवढा होत नाही.