आत्याची हळद

कळंबच्या समुद्राकाठच्या रिसॉर्टवर मी तांदळाच्या भाकऱ्या करते. पाहुण्यांसमोर, चुलीवर. भाकरी टम्म फुगली की माणसं व्हिडिओ काढतात, मावशी काय हात आहे तुमचा, म्हणतात. आमचे मॅनेजर साहेब सांगतात, कामगार टिकवायचा तर त्याचं कौतुक करावं. माझा फोटोच लावलाय त्यांनी काउंटरमागे. कौतुक कुणाला नको मेलं? येता-जाता मीही बघते त्याच्याकडे.

पण त्या शनिवारी मला फोटो नको होता, सुट्टी हवी होती. चांदीपला माझ्या भावाच्या मुलीची हळद होती. आईमागे तिला मीच वाढवलेलं. आणि आमच्याकडे एक वेळ लग्न चुकलं तर चालेल, हळद चुकवायची नाही. त्यातही पहिली हळद आत्याची. कधीचं सांगून ठेवलं होतं, साहेब हो म्हणाले होते. आदल्या दिवशी म्हणतात, लॉनवर पाहुण्यांची हळद आहे, बुकिंग तुमच्या भाकरीसाठीच आलंय, दुपारी सोडतो. मी पाया पडायचीच बाकी राहिले. तोंडावर नोकरी फेकून जावं, तर घरात कमावणारी मी एकटी.

दुपार टळली तरी भाकऱ्या संपेनात. फोन वाजत होता, पिठाच्या हाताने उचलू कशी? शेवटी उचलला. "आत्या, मी अजून कुनाला हात लावू दिला नाय. तू ये," भाची म्हणाली. मला रडूच फुटलं. तवा उतरवला आणि निघाले, म्हटलं साहेब गेले खड्ड्यात.

लॉनवर त्या नवरीच्या आईने हात धरला. एवढं प्रेमाने जेवू घातलंत, आमच्या लेकीलाही हळद लावून जा म्हणाली. साहेब मागून खुणा करत होते, लावा, लावा. नाही कसं म्हणणार? त्या पोरीच्या गालांना घाईघाईने हळद लावली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, मी रिक्षाकडे पळाले.

नालासोपाऱ्याच्या पुलावर रिक्षा अडकली ती अडकलीच. चांदीपला पोचले तेव्हा मांडवात बायका खोळंबून बसल्या होत्या, आणि भाची पाटावर, कोरडीच. मला बघताच हसली, गाल पुढे केला. मी हळदीच्या वाटीकडे हात नेला. बोटं आधीच पिवळी होती.

"कुनाला लावून आलीस?" तिने हळूच विचारलं.

मी हात पदरात घेतला. तोवर तिने मान वळवून चुलतीला पुढे बोलावलं होतं.